तीन मिनिटं झाली, वाढवायची?

हॅलो. हॅलो, ऐकू येतंय का? कोण बोलतंय म्हणून विचारू नका. जन्मभर माझ्यातून दुसरेच बोलत आले, आज मी स्वतः बोलतोय. मी एक टेलिफोन. काळा, जाडजूड, बोट घालून गरागरा फिरवायच्या डायलचा. हल्लीचे दहा मोबाईल एका पारड्यात घातले तरी माझं पारडं वर जायचं नाही.

सध्या माझा मुक्काम दिवाणखान्यातल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालावर आहे. माझी वायर भिंतीपर्यंत जाते आणि तिथं तिला कुणीच भेटत नाही. पाहुणे येतात, माझ्याकडे बघून "अय्या, हा अजून आहे?" म्हणतात आणि रिसीव्हर उचलून कानाला लावतात. मी बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही प्रत्येक जण एकदा तरी "हॅलो" म्हणतोच. माणसांची ही खोड मला भारी आवडते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली फार आठवण नाही. फोन तपासणाऱ्या एका बाईने माझ्यात "एक, दोन, तीन" म्हटलं आणि पुढच्या फोनकडे वळली, एवढंच आठवतं. कानावर पडलेले हे माझे पहिले शब्द. पुढे माझं सगळं आयुष्य तिनापर्यंतच्या मोजणीतच जाणार होतं, हे तेव्हा मला काय माहीत?

कारखान्यातून मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आलो. पुढे बुकिंगचं टेबल, मागे मालकांची केबिन, बाहेर ट्रक, ताडपत्र्या आणि हमालांचा गलका. बुकिंगच्या टेबलाशी एक सडपातळ तरुण बसायचा. तो फोन उचलला की इतक्या जोरात "हॅलो" म्हणायचा की बाहेर ट्रकवरचा हमालसुद्धा "ओ" द्यायचा. हमालांनी त्याचं नाव हॅलोराव ठेवलं. मीही तेच म्हणतो.

हॅलोरावांचं काम साधं होतं. माल गाडीत चढला की ज्या त्या गावच्या दुकानदाराला फोन करून कळवायचं. पण त्या काळी परगावी फोन करणं म्हणजे खायचं काम नव्हतं. आधी एक्स्चेंजकडे नंबर लावायचा, मग वाट बघत बसायचं, आणि लाइन लागली की मिळायची मोजून तीन मिनिटं. ती संपली की एक्स्चेंजमधली बाई मध्येच विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

आणि हॅलोराव म्हणायचे, "नको, झालं."

मालकांची सक्त ताकीद होती तशी. मालक म्हणजे एक नंबरचे चिक्कू. केबिनचं दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवायचे आणि कान माझ्याकडे लावून बसायचे. त्यामुळे हॅलोरावांच्या जिभेला वळणच पडलं. त्या बाईचं "तीन" कानावर पडायचा अवकाश, यांचं "नको, झालं" तयार. एकदा न्हाव्याने "मिशी ठेवायची की काढायची?" विचारलं तर त्यालाही म्हणाले, "नको, झालं." महिनाभर बिनमिशीचे फिरत होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या आयुष्यात एक तक्रार आली.

एका लहानशा गावात गाण्याच्या तबकड्यांचं दुकान होतं. दुकान एका काकांचं, पण चालवायची त्यांची पुतणी. तबकड्यांची खोकी आमच्याच गाडीने जायची. एके दिवशी हॅलोरावांनी नेहमीप्रमाणे "तुमचं पार्सल निघालंय" हे सांगायला फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "पार्सलचं राहू द्या. मागच्या खोक्याचं बोला. तबकडीला चरा पाडलाय तुमच्या लोकांनी."

"असं होणार नाही, आम्ही माल नीट बांधतो," हॅलोराव म्हणाले.

"होणार नाही? थांबा, ऐकवते."

आणि तिने चक्क रिसीव्हर ग्रामोफोनसमोर धरला. माझ्यातून गाणं यायला लागलं. गाणं कसलं, पत्र्याच्या डब्यात कुणी तरी गात असावं तसा तो आवाज. मधूनच वाऱ्यासारखी खरखर, शब्द अर्धे गिळलेले. फक्त "थांब ना" एवढं स्पष्ट. मग गाणारी श्वास घ्यायची आणि नेमकं तिथं "टक्" व्हायचं. तोच तो चरा.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"नीट नाही ऐकू आलं," हॅलोराव म्हणाले. "परत लावा."

खोटं. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि माझ्यामार्फतच त्यांनाही.

तिथून पुढे त्या गावाला आमचे फोन वाढले. खोकं जाणार असलं तरी फोन, जाणार नसलं तरी "आज खोकं नाही" हे सांगायला फोन. पलीकडून दर वेळी "आमची तक्रार अजून मिटलेली नाही" असं बजावून तीच तबकडी लागायची. थोडं बोलणं, थोडं गाणं, आणि मग "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" "नको, झालं." गाणं कधी अर्ध्यावर तुटायचं, कधी त्याच्या जरा पुढे, पण शेवटपर्यंत एकदाही गेलं नाही. बाहेर हमाल एकमेकांना कोपरखळ्या मारायचे, "तबकडीचा फोन लागला वाटतं." मालकांना वाटायचं, पोरगा कामाचा आहे, गिऱ्हाइकाची तक्रार मन लावून ऐकतो.

मी मात्र सगळ्याला साक्षी होतो. तबकडीबाई, म्हणजे ती दुकानवाली पुतणी, तिकडे हसायची तेव्हा माझ्या कानात गुदगुल्या व्हायच्या. हॅलोराव माझी वेटोळ्यांची वायर बोटाला गुंडाळत बसायचे, ती अजून त्या जागी सैल आहे.

मग एकदा धीर करून ते म्हणाले, "मला तुम्हाला काही विचारायचं होतं. मालाबद्दल नाही."

"मग कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. तुमची हरकत नसेल तर, कायमचं."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, माझ्यातच बिघाड झाला. मग ती म्हणाली, "पुढच्या फोनला सांगते."

पुढच्या फोनला हॅलोरावांनी मला कानाशी असं धरलं होतं की माझ्या जागी मडकं असतं तर फुटलंच असतं. लाइन लागली. ती म्हणाली, "आज बोलायचं नाही, ऐकायचं. माझं उत्तर या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आहे."

गाणं सुरू झालं. "थांब ना" आलं, श्वास आला, "टक्" झालं, पहिलं कडवं गेलं. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपटपत होता. गाणं पुढं सरकलं, आजवर कधी गेलं नव्हतं तिथवर गेलं. आणि तेवढ्यात एक्स्चेंजची बाई आली.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

"नको, झालं," हॅलोराव म्हणाले.

त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तोंड म्हणून गेलं आणि कान नंतर ऐकायला आला. लाइन तुटली. ते कितीतरी वेळ रिसीव्हर कानाशी धरून बसून होते, आणि मी त्यांच्या कानात नुसता कुंई करत होतो. त्याखेरीज मी तरी काय करणार?

परत नंबर लावायचं धैर्य त्यांना झालं नाही. आपल्याच तोंडाने "नको, झालं" म्हणालेल्या माणसाने परत फोन करून बोलायचं तरी काय? त्यांनी घरी आईला सांगितलं, "मुलगी चांगली आहे, फोनवर विचारलं होतं, पण लाइन कट झाली." आई आणि मामा त्या गावाला जाऊन रीतसर मागणी घालून आले. मोठ्यांनी मोठ्यांना विचारलं, सगळं जुळलं, लग्न झालं. काही वर्षांनी ऑफिसात बटणांचे फोन आले, मला भंगारात काढलं, तेव्हा हॅलोरावांनी मला उचलून घरी आणलं. घरीही मी बरीच वर्षं वाजलो. मग कानामागून आले आणि तिखट झाले, अशा त्या मोबाईलांचं राज्य आलं, आणि माझी लाइन काढून टाकली.

"लाइन कट झाली" ही गोष्ट मात्र या घरात चालूच राहिली. दरेक लग्नाकार्यात कुणी तरी विचारायचं, "तुमचं कसं जमलं हो?" आणि हॅलोराव ट्रान्सपोर्टपासून सुरुवात करायचे. गोष्टीच्या शेवटी तबकडीबाई मान डोलावून म्हणायच्या, "शेवटचं कडवं यांनी अजून ऐकलेलं नाही." सगळे हसायचे. कुणी गाण्याचं नाव विचारलं की त्या म्हणायच्या, "ते यांनी शोधायचं. आमचं ठरलंय तसं." असं काही ठरलेलं नव्हतं. यांचं आपलं काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मागे मुलीच्या घरी सगळे जमले होते. तिथं जावई, हे मला मागाहून कळलं, सहज बोलून गेला, "बाबा, उत्तर नकार असलं तर? आईंना घरच्यांनी परस्पर देऊन टाकलं असेल." पुन्हा हशा पिकला. त्या दिवशी घरी आल्यावर हॅलोराव हसले नाहीत. चपला काढून ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याशी कुणी बोलत नाही, पण ते हळूच म्हणाले, "खरंच, तिला कुणी विचारलं होतं का रे?"

मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. पण मलाही उत्तर माहीत नव्हतं. मीसुद्धा अर्धंच गाणं ऐकलं होतं. इतक्या वर्षांचा संसार, एक मुलगी, दोघांचे चष्मे, आणि मध्येच या माणसाला वाटू लागलं की ही बाई मनाविरुद्ध तर आली नसेल ना आपल्याकडे. विनोद म्हणून सुरू झालेली गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. मुलगी घरी आली, तिने मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, नुसतं गुणगुणा. हा ओळखतो." आता हॅलोरावांचं आणि सुराचं जन्मापासूनचं वाकडं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांनी गुणगुणलं. मोबाईलने खूप विचार केला आणि "पुन्हा प्रयत्न करा" म्हणाला. त्यांनी पुन्हा केला. या वेळी मोबाईलने पाण्याच्या मोटारीची जाहिरात दाखवली. मी फळीवर होतो म्हणून बरं, नाही तर हसून खाली पडलो असतो.

"शब्द आठवतात का काही?" मुलीने विचारलं.

"थांब ना."

"थांबले. बोला."

"अगं, शब्दच तो आहे. 'थांब ना.'"

तेवढ्यावरून तिने ढीगभर गाणी काढली. जगात इतक्या लोकांनी इतक्या लोकांना थांबायला सांगितलंय याची मला कल्पना नव्हती. हॅलोराव एकेक गाणं ऐकायचे आणि मान हलवायचे. तबकडीबाई भाजी निवडता निवडता सगळं ऐकत, गालातल्या गालात हसत. नवरा गंमत म्हणून शोधत नाहीये, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते यांनी सांगितलंही नव्हतं. न बोलण्यात हा माणूस पहिल्यापासून पटाईत.

मग कुणी तरी तबकड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. तबकडीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, सुई स्वतः ठेवायचे, म्हणून हॅलोराव त्यांना सुईवाले म्हणू लागले. तिकडे त्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. घरी आले की मुलीला फोनवर हकिगत सांगायचे, त्यामुळे मला सगळं समजायचं. सुईवाल्यांकडे मोठे स्पीकर होते, गायिकेने आवंढा गिळला तर तोही ऐकू येईल असे. त्यांनी "थांब ना" असलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या तबकड्या लावल्या. हॅलोराव डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "छान आहे. पण हे नव्हे."

शेवटी सुईवाले वैतागले. परवा सकाळी हॅलोराव इथं दिवाणखान्यात चहा पीत बसले होते, तेव्हा सुईवाल्यांचा मोबाईलवर फोन आला; हॅलोरावांच्या मोबाईलचा आवाज नेहमीच मोठा, मलाही सगळं ऐकू येत होतं. "एक खोकं राहिलं होतं," ते म्हणाले, "त्यातली सगळी इथूनच ऐकवतो. उगीच हेलपाटा नको."

पहिलं गाणं लागलं. नव्हे. दुसरं लागलं. नव्हे. तिसरं लागलं आणि हॅलोराव ताडकन उभे राहिले. चहा सांडला. पत्र्याच्या डब्यात कुणी तरी गात होतं. वाऱ्यासारखी खरखर, गिळलेले शब्द, "थांब ना", मग श्वास.

त्या श्वासापाशी हॅलोरावांनी बोटाच्या पेराने माझ्या अंगावर वाजवलं, टक्.

बरोब्बर त्या जागी. ज्या माणसाला उभ्या जन्मात टाळी तालात वाजवता आली नाही, त्याने त्या एका टक्ची जागा तसूभरही चुकवली नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"हेच," हॅलोराव म्हणाले.

"हे?" सुईवाले म्हणाले. "अहो, हे तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी लावलं होतं. चुकून परत हाताला लागलं."

तर ही अशी गंमत. मोठ्या स्पीकरवर ते गाणं त्यांना ओळखू आलं नाही, कारण ते तसं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते फोनवरचं गाणं. शेवटी त्या चपट्या मोबाईलने माझं काम केलं. आधी मला वाईट वाटलं. मग म्हटलं, आहे तर आपल्याच कुळातला.

गाणं पुढं गेलं. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. एक्स्चेंजची बाई यायची ती जागा आली आणि गेली. हॅलोरावांनी मोबाईल कानाशी घट्ट धरला. दुसरं कडवं संपलं, "थांब ना" एकदा शेवटचं आलं, आणि मग नुसतीच खर्र, खर्र, खर्र.

"पुढचं लावा," हॅलोराव म्हणाले.

"पुढचं काय? संपलं गाणं."

"शेवटचं कडवं राहिलं ना."

"दोनच कडवी आहेत. एका बाजूला मावतात तेवढी."

"मग दुसऱ्या बाजूला?"

"दुसऱ्या बाजूला नुसती बासरी आहे. लावू?"

"नको, झालं," हॅलोराव म्हणाले आणि खाली बसले.

दारात तबकडीबाई ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या. आधी हसल्या. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरून जवळ येऊन बसल्या.

"काय झालं? सापडलं ना एकदाचं?"

"दुसऱ्या कडव्यात तर नुसतं चंद्र आणि नदी आहे," हॅलोराव म्हणाले. "त्यात उत्तर कुठंय?"

"त्यात नाहीच. मी शेवटचं कडवं म्हटलं होतं. दुसरं कुठं म्हटलं?"

"पण शेवटचं असं काही नाहीच आहे."

"नाहीच. मला ठाऊक होतं. दुकान माझ्याच हातात होतं." त्यांनी कलंडलेला कप सरळ केला. "मला बघायचं होतं, हा माणूस तीन मिनिटांच्या पुढं थांबतो का. थांबला असतात, तर गाणं संपल्यावर मी स्वतः बोलणार होते."

"लाइन कट झाली गं."

"लाइन कट झाली नाही. तुम्ही म्हणालात, 'नको, झालं.' ग्रामोफोनसमोरच्या रिसीव्हरला माझाही कान होता."

ही गोष्ट मला आणि हॅलोरावांनाच माहीत आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. फोनला दोन टोकं असतात, हे मी, फोन असून विसरलो होतो.

हॅलोरावांची मान खाली गेली. "सवय होती," ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं. आणि मग आई आणि मामा आले तुमच्याकडे. मोठ्यांनी ठरवलं. तुला कुणी विचारलं सुद्धा नसेल."

तेव्हा तबकडीबाईंना समजलं की हा माणूस इतके दिवस नुसतं गाणं शोधत नव्हता. त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात अजून ओला होता.

"तुमच्या आईंनी मला आत नेऊन विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, मुलगा जरा घाबरट आहे, तुझं मन असेल तरच हो म्हण. मी म्हटलं, मला माहीत आहे कसा आहे. घाबरला नसता तर स्वतः आला असता. आणि हो म्हटलं. माझ्या मनाविरुद्ध मला कोण देणार होतं हो? काकांचं दुकान एकटीनं चालवत होते मी."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर 'झालं' म्हणून फोन ठेवलात."

हॅलोराव उठले आणि त्यांनी माझा रिसीव्हर उचलला. कितीतरी वर्षांनी कुणी मला पाहुण्यासारखं गंमत म्हणून नव्हे, फोन करायला म्हणून उचललं होतं. त्यांनी डायल फिरवला. त्यातली दोन बोटांची घरं गंजलीत, तरी मी फिरलो. तबकडीबाईंनी पलीकडच्या खुर्चीत बसून मूठ कानाला लावली.

"हॅलो," हॅलोराव ओरडले. शेजारच्या घरातून कुणी तरी "ओ" दिली.

"बोला, पार्सलचं काय?"

"पार्सलबद्दल नाही. तुझ्या-माझ्याबद्दल विचारायचंय. तुझी हरकत नसेल तर, कायमचं."

त्यांची मूठ तशीच कानाशी. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, असा त्यांचा चेहरा मी तेव्हा बघू शकलो नव्हतो, दुसऱ्या गावात होता तो. आता समोर होता. वाचकहो, माझं एक ऐका. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी पुरतं बोलून घ्या. लाइन चालू आहे तोवर माणसाला वाटतं, उद्या बोलू. मी भिंतीशी कुणी न भेटणारी वायर घेऊन बसलोय, मला विचारा. एवढंच माझं मागणं, बाकी मला काही नको. रुमाल मात्र धुऊन टाका, चहाचा डाग पडलाय.

तर मूठ तिथंच, कानाशी. हॅलोराव माझी वायर बोटाला गुंडाळत, जुन्याच सैल जागी, वाट बघत उभे होते. मग तबकडीबाईंनी नाकातून आवाज काढला, अगदी हुबेहूब एक्स्चेंजच्या बाईचा.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

हॅलोरावांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी ते मिटलं. मग मला दोन्ही हातांनी कानाशी धरलं.

"वाढवा," ते म्हणाले.